काकांनी गाळलेली पानं

माझ्या बायकोच्या काकांनी मला फसवलं आणि मी माझ्या बायकोला फसवलं. आधी काकांचं सांगतो, कारण सुरुवात त्यांनी केली.

तंजावरात जुन्या मोपेड घेऊन, दुरुस्त करून विकायचा माझा धंदा. सायकलच्या पंक्चरपासून वर आलो. बाजारात नव्या गाड्या येऊ लागल्या तशा जुन्या स्वस्त पडू लागल्या आणि पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंतच्या गावांतली माणसं माझ्याकडे यायला लागली. इंजिन एकदा चालू केलं की मालकाने काय लपवलंय ते मला कळे. मला फसवणं सोपं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो.

बायकोच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले, "मेंदूत आहे, मद्रासला नेऊन ऑपरेशन करा." तिला आम्ही सांगितलं, नस सुजलीय. घरात सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं होतं. आणखी विचारायचं कुणाला, तेही कळेना. तेवढ्यात पुण्याच्या एका लांबच्या नातलगाने टपालाने एक पुस्तिका पाठवली. मेंदूत गाठ असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, मराठीत.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतो आणि वाचतो मात्र तमिळ. देवनागरी वाचता येणारं माणूस घरात एकच, माझी बायको. तिच्या काकांची हयात एका ग्रंथालयात जुन्या पोथ्या उतरवून काढण्यात गेली होती. त्यांनीच तिला लहानपणी अक्षरं शिकवली होती.

कॉफीचा पेला पुढे ठेवताना तिने पुस्तिका पाहिली.

"कसलं पुस्तक हो?"

"गाडीच्या पार्टांची यादी."

"मराठीत?"

मी पुस्तिका पिशवीत टाकली. ती पुन्हा विचारायला आली नाही.

पुस्तिका घेऊन मी काकांकडे गेलो. ओट्यावर बसून त्यांनी तासभर वाचून दाखवलं. विश्रांती घ्यावी, गोळ्या वेळेवर द्याव्यात, हलकं जेवण असावं, धीर सोडू नये. मधेमधे ते दोन-दोन पानं एकदम उलटत होते. मी ते पाहिलं. दमट हवेने चिकटली असतील, असं मला वाटलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ती पानं असती तर मी मनगट धरलं असतं. पण काका म्हणजे शिकलेला माणूस.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली नाही. घरी आल्यावर महिन्याभराने एका सकाळी स्वयंपाकघरात तिला फिट आली. आमच्याकडे सगळे जे करतात तेच मी केलं. लोखंड धरलं की फिट उतरते म्हणून तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा दाबला आणि जीभ चावू नये म्हणून दातांमधे चमचा घुसवला. पुढचा दात तुटला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले आणि माझ्यावरच ओरडले. "तोंडात काही घालायचं नसतं! कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं. एवढंही कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"पुस्तक होतं," मी म्हणालो.

तिला झोप लागल्यावर मी तसाच काकांकडे गेलो.

"फिटचं लिहिलं होतं का त्यात?"

काकांनी चष्मा काढला. "होतं."

"मग वाचलं का नाही?"

"पोरगी आहे ती माझी. ते मलाच शेवटपर्यंत वाचता आलं नाही. तुला तरी ऐकवलं असतं का रे? आणि तू कुठला मोठा खरं बोलणारा? नस सुजलीय म्हणून सांगितलंस तिला!"

"ब्रेक नाहीत हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, का तर त्याला वाईट वाटेल? काका, अशी गाडी मी पण विकली नाही कधी!"

त्यांच्या अंगणात मी इतका ओरडलो की शेजारचे गोळा झाले. मग त्यांच्याकडेच राहिलेली पुस्तिका घेऊन घरी आलो आणि तिच्या हातात दिली. तोवर तिचं वाचणं अर्धं गेलं होतं. अक्षरं ओळखायची, पण ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरायची. तिने रोज दुपारी मला अक्षरं शिकवली. तुटक्या दातातून स, श एकसारखेच निघायचे आणि तिलाच हसू यायचं. "मोपेडवाला शाळेत आला," म्हणायची. तिची ओळ जिथे तुटे, तिथून ती मी जोडत असे.

एका गाळलेल्या पानावर लिहिलं होतं: पुढे बोलणं, आठवण कमी होऊ शकते, म्हणून रुग्णाला त्याच्या भाषेत सगळं सांगा आणि त्याला काय हवं आहे ते लवकर विचारून घ्या.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मला कुणी विचारलं का?" म्हणाली.

"आता विचारतो. काय हवंय तुला?"

ती सांगू लागली. दोन शब्दांनंतर तिसरा येईना. रडवेली झाली, मग चिडली, मग माझा हात ढकलून भिंतीकडे वळली. त्यानंतर किती वेळा विचारलं. तिला काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. ती गेली.

मी खोटं बोललो, ते वर लिहिलं आहे. काका, तुम्ही अजून ओट्यावर बसून पेपर वाचता. ती पानं उलटण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तोंडी नको, लिहून द्या, मराठीत. मला आता वाचता येतं.