चाल माझ्या भावाकडे आहे

"आमच्याकडे पण आहे!"

कैरीचं लोणचं वाढा, तवा दाखवा, दिवाळीची पणती दाखवा, हा उंच, काळाभोर माणूस दोन्ही हात वर करून हेच ओरडणार. सुरुवातीला मला वाटायचं, थापा मारतोय मेला. कतारमध्ये दोह्याला, अल हिलाल भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो राहायला आला, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगनं त्याला आफ्रिकन ठरवून टाकलं होतं. आणि हा एक दिवस आमच्या दारात उभा राहून, वास घेत विचारतो काय, तर "वांग्याचा चोखा करताय का?" माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"आम्ही भरीत म्हणतो," मी म्हटलं.

"म्हणजे आहे तर! आमच्याकडे पण आहे, नेबर."

मला तो कायम 'नेबर' म्हणायचा. बोलणं सगळं इंग्रजीत, पण ते इंग्रजी हेलकावे खात यायचं. दोन महिने मला निम्मं कळलंच नाही, नुसती मान हलवत होते. इथे मी ते आपल्या भाषेत सांगतेय, एवढंच.

तो त्रिनिदादचा. वेस्टइंडीजमधलं बेट. पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती. आमचे हे पहिल्याच दिवशी म्हणाले, "अच्छा, म्हणजे वेस्टइंडीजचे तुम्ही!" त्यानं दीर्घ उसासा टाकला. "वेस्टइंडीज हा देश नाही हो. ती क्रिकेटची टीम आहे."

तेवढ्यावर थांबतील तर ते आमचे हे कसले! तो काळ वेस्टइंडीजच्या फास्ट बोलरांचा. समोर साडेसहा फुटी माणूस, तोही तिकडचा. यांच्या ऑफिसच्या टीमची शुक्रवारी पाकिस्तानी मंडळींशी मॅच होती. यांनी त्याला गाडीत घालून नेलंच. तो बिचारा वाटभर सांगत होता, मला येत नाही. यांना वाटलं, काय नम्र माणूस आहे! त्याला लांबून पळत येताना बघून म्हणे पाकिस्तानी बॅट्समन दोन पावलं मागे सरकला. पहिला चेंडू थेट स्क्वेअर लेगच्या अंपायरकडे गेला. दुसऱ्या चेंडूला तो अंपायरही सरकला. ओव्हर संपता संपेना. शेवटी कॅप्टननं हात जोडून चेंडू काढून घेतला.

"मी सांगितलं होतं," तो आमच्याकडे चहा पिताना म्हणाला. "बेटावर सगळेच बोलिंग करत नाहीत. कुणीतरी वेल्डिंगही करतं."

वेल्डिंग इन्स्पेक्टर होता तो, यांच्याच कंपनीत. सकाळी कंपनीच्या बसनं उम्म सईदच्या प्लँटवर जायचा, दुपार टळल्यावर यायचा. त्याचं बेट मात्र आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. मी पोळ्या करायला लागले की पिठीत बोटानं त्याचा नकाशा काढायचा. हे इथे डांबराचं तळं, वर चालता येतं. इथे दलदल, संध्याकाळी लाल पक्षी उतरले की झाडं लाल दिसतात. हा व्हेनेझुएला, हवा स्वच्छ असली की किनाऱ्यावरून दिसतो. त्याचे पणजोबा आफ्रिकेतून आणलेले गुलाम, आजी चिनी दुकानदाराची मुलगी, शेजारी ऊस तोडायला हिंदुस्थानातून नेलेल्या लोकांची नातवंडं, कोपऱ्यावर सिरियन कापडवाला. दिवाळीला सगळ्या बेटाला सुट्टी. "छोटं आहे, नेबर. पण कुणाचंही काहीही विचारा, आमच्याकडे आहे."

आणि इथे? इथे त्याचं कुणी नव्हतं हो. तुम्ही आखातात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, शुक्रवार उजाडला की जो तो आपापल्या माणसांत जातो. केरळवाले त्यांच्यात, पाकिस्तानी त्यांच्यात, आपले दहा-बारा मराठी संसार कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून. गोऱ्यांच्या क्लबात त्याला कुणी बोलावत नव्हतं, आणि आपल्या लोकांत मी त्याला नेलं तर बायका मुलांना जवळ ओढून बसायच्या. कतारभर फिरून त्याला आपल्या बेटाचा दुसरा माणूस सापडला नाही. एकदा विमानतळावर कुणी तरी बार्बाडोसचा भेटला, तर त्याचंच कौतुक आठवडाभर पुरलं.

मग त्यानं यार्डातून परवानगीनं एक तेलाचं रिकामं पिंप आणलं. शुक्रवारी वाळवंटात नेऊन हातोड्यानं त्याचं तोंड आत ठोकलं, खालचा भाग कापून टाकला, जाळावर भाजलं, मग परत ठोकलं. त्यांच्याकडचं वाद्य ते. रबर गुंडाळलेल्या दोन काड्यांनी वाजवतात. आवाज इतका गोड, की तेलाच्या पिंपातून येतोय हे सांगून खरं वाटू नये.

पण वाजवणं! रोज संध्याकाळी तेच. टुंग टुंग, थांबला. टुंग, थांबला. परत टुंग टुंग. ना गाणं ना काही. पंधरा दिवसांनी माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि गेले समोर.

"वाजवायचं तर वाजवा, पण एखादं अख्खं गाणं तरी वाजवा! हे काय अर्धवट?"

तो हसला नाही. "अख्खं मला येत नाही, नेबर. चाल माझ्या भावाकडे आहे. मी मधलं वाजवतो."

मग त्यानं समजावलं. त्यांच्या गल्लीची टोळी होती, प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पिंप. भाऊ चाल वाजवणार, दुसरा खालचा सूर, आणि हा दोघांच्या मधलं भरणार. तो थांबायचा तिथे इतरांचं वाजणं असायचं. ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपासाआधी दोन दिवस बेटावर कार्निव्हल असतो, सगळा देश रस्त्यावर. त्या रांगेतली त्याची जागा ठरलेली. दोन वर्षांत परत येतो, असं सांगून तो निघाला होता. हाताची सवय मोडू नये म्हणून रोज आपलं तेवढंच वाजवत होता, बाकीचे मनात ऐकत.

लग्नात सनईवाल्याशेजारी नुसता सूर धरून बसलेला माणूस असतो ना, त्याला सनईशिवाय एकटं बसवलं तर कसं होईल? तसं झालं होतं त्याचं. मी परत कधी तक्रार केली नाही. उलट पाच वाजले आणि टुंग टुंग आलं नाही, तर मीच गॅलरीत जाऊन बघायचे.

दरवर्षी फेब्रुवारीत तो रजा मागायचा, आणि थंडीतच प्लँटची कामं निघत म्हणून ती दरवर्षी नाकारली जायची. "खलास. पुढच्या वर्षी," तो म्हणायचा. दोन वर्षांची सहा झाली. सातव्या वर्षी रजा मिळाली. दोन महिन्यांची! मी चिवड्याचा डबा भरून दिला. माणूस जिना उतरला तो नाचत.

महिना व्हायच्या आत समोर दिवा दिसला. मला वाटलं, चोर शिरला. यांना पुढे करून गेले, तर हाच. अंधूक दिव्याखाली बॅग न उघडता बसलेला.

"अहो, काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"मजेत आहेत. भाऊ छान वाजवतो अजून."

"आणि तुमची जागा?"

"भावाची मुलगी वाजवते. चांगली वाजवते, नेबर. माझ्यापेक्षा चांगली." बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाला, "मी अंगणात शिरलो तर सगळे धावत आले. मिठ्या मारल्या. आणि मला खुर्ची दिली."

"मग?"

"तिथे सगळे उभं राहून वाजवतात. खुर्ची पाहुण्याला देतात."

आमच्या यांना काही कळलं नाही. मला कळलं. मागच्या सुट्टीत नाशिकला माझ्याच माहेरी वहिनीनं मला कपाटातला नवा टॉवेल काढून दिला होता, आणि मी भांडी घासायला उठले तर "अहो ताई, तुम्ही बसा हो" म्हणाली होती. त्या रात्री त्याच्याकडून घरी येऊन मी स्वयंपाकघरात खूप रडले. त्याच्यासाठी रडले की माझ्यासाठी, देव जाणे.

त्यानंतर समोरून आवाज आला नाही. पिंप त्यानं कुणाला देऊन टाकलं की यार्डात परत नेलं, मी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी तो निरोप घ्यायला आला. हातात तीच एक बॅग. अबू धाबीला नोकरी घेतली होती.

"घरी का नाही जात?" मी रागानंच विचारलं. "अबू धाबीला कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही. म्हणून तर. तिथे मला पाहुणा करायला कुणी नसेल."

यांनी सवयीनं खुर्ची पुढे ओढली होती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि खुर्ची परत सरकवली. मी चहा केला. तिघांनीही तो दारात उभ्यानंच प्यायला.