पुकारा झाला तेव्हा

मी दुसरीतून शाळा सोडली. पण जळगावात तालीम चालवली, आणि माझा चेला आखाड्यातून पळाला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकानं ती संधी लोकांना दिली.

रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा, ख्रिस्ती. लहानपणापासून माझ्या हाताखाली घडलेला. पारोळ्याच्या जत्रेत त्याची मोठी जोड ठरली. पंचांनी नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. हलगी थांबली, तरी हा नाहीच. समोरच्याला न लढता कुस्ती दिली. मागून कळलं, पोरगं फादर व्हायला निघून गेलं. बाजारात लोक विचारायचे, "वस्ताद, पळायचा डाव कधी शिकवला?" मी तालमीत त्याचं नाव घेणं बंद केलं.

बऱ्याच वर्षांनी त्याची आई दारात आली. म्हणाली, "आबा, धुळ्याला त्याची दीक्षा आहे. तुम्ही या. माझा जीव थाऱ्यावर नाही. ऐन वेळेला उठून गेला तर?"

मला तरी दुसरी कसली भीती होती? तालमीतल्या जुन्या सोबत्याला घेऊन मी एसटीनं धुळ्याला गेलो. पारोळा आलं तसा डोळे मिटून बसलो.

चर्चपुढं मांडव, माणसं दाटीनं बसलेली. आम्ही मागं उभे. त्यांचे मोठे धर्मगुरू, बिशप, खुर्चीवर बसले आणि एकानं त्याचं नाव पुकारलं. पुढं बसलेल्या त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला.

"हजर आहे!"

बापरे, काय आवाज! मांडवाच्या मागल्या कनातीपर्यंत आला. उठला, सरळ पुढं गेला. मी श्वास सोडला तो एवढा मोठा, की पुढच्या बाईनं वळून पाहिलं.

मग तो पांढऱ्या झग्यात जमिनीवर पालथा पडला. सगळे गुडघ्यावर आले, प्रार्थना म्हणू लागले. सोबती घाबरला.

"आबा, हाऊ ते पडी गया!"

"पाठ टेकनी का?"

"नई."

"मंग कुस्ती चालू शे. गप ऱ्हाय."

सगळं आटोपल्यावर लोक गुडघे टेकून त्याचा आशीर्वाद घेऊ लागले. मी टेकले नाहीत. वस्ताद आहे मी. रांगेत मात्र उभा राहिलो. माझी पाळी आली तसा तोच झग्यासकट माझ्या पायाशी वाकू लागला. मी दंड धरून त्याला उभा केला. दंड अजून भरलेला होता.

"वस्ताद, त्या जत्रेच्या दिवशी मी..."

"जेवण कुठं आहे ते सांग. सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

तो हसला. आईला हाक मारून म्हणाला, "वस्तादांना आत बसव. भात नको, भाकरी वाढ."

किती भाकरी खाल्ल्या ते सोबत्याला विचारा. मी मोजत नव्हतो.