नीलम मिसच्या फाइलमधली माझी तक्रार

नीलम मिसना जाऊन आज महिना झाला. त्यांच्या नावावरची शेवटची लेखी तक्रार माझी आहे.

हात जोडलेले इमोजी टाकायच्या आधी पूर्ण वाचा.

माझी मुलगी सई सहावीत आहे, दादरच्या एका इंग्लिश शाळेत. तिला शिकायला वेळ लागतो. "स्लो आहे का?" असं लिफ्टमध्ये विचारणाऱ्यांना मी काय उत्तर देते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नीलम मयेकर तिच्या स्पेशल एज्युकेटर. एका संस्थेने त्यांना तीन शाळा दिल्या होत्या. शिवडीची म्युनिसिपालिटीची, लालबागची मराठी अनुदानित आणि आमची.

तीन शाळांच्या तीन तऱ्हा. शिवडीला रजिस्टर, शिवाय तीच माहिती मोबाइलवर, शिवाय मूल शिकतंय असा फोटो. लालबागला परीक्षेच्या सवलतीचे अर्ज, तेही तीन-तीन प्रतींत. आमच्याकडे प्रत्येक मुलाचा बारा पानी प्लॅन, इंग्लिशमध्ये, पालकांच्या सहीसकट.

आणि या सगळ्यावर संस्थेचं प्रगतीचं एक पान, तिन्ही शाळांत सारखंच.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच दिसायचं की पाऊण तासाच्या सेशनमधली वीस मिनिटं मिस खाली मान घालून लिहितायत. एकदा मी बोललेही, "मिस, तुम्ही शिकवता कधी?"

त्या हसल्या. "तेच शोधतेय, ताई."

तरी त्यांनी सईला घड्याळ शिकवलं. आठ महिने लागले. पुठ्ठ्याची चकती, दोन काटे आणि मिसचा पेशन्स.

एक दिवस मी लॅबमधून घरी आले, तर ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आई, पावणेसात झाले. तू लेट आहेस."

मी चपला न काढता तिथेच रडायला बसले.

आणि त्याच टर्मच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मूल शू-शीची गरज सांगत नाही, मदत लागते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा सांगत होता, "अगं, मिस्टेक असेल. फोन करून विचार ना आधी." पण असल्या वेळी मला कोणाचं ऐकायचं नसतं.

हाफ डे टाकून प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेले आणि यथेच्छ तोंडसुख घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्लीज गिव्ह इट इन रायटिंग."

दिलं. दोन पानं. 'बेजबाबदार' हा शब्द त्यात तीनदा आहे.

संध्याकाळी मिसचाच फोन आला.

"ताई, चूक माझी. पानांची अदलाबदल झाली. शिवडीच्या एका मुलीचं पान तुमच्याकडे आलं, आणि सईचं तिच्या फाइलला लागलं."

मी रिपोर्टचं ते पान पुन्हा उघडलं.

"तिच्या आईने तक्रार नाही केली हो. तिने कोणाकडून तरी ते वाचून घेतलं आणि धावत मला विचारायला आली. बाई, माझी पोरगी घड्याळ कधी बघायला लागली?"

मग म्हणाल्या, "मी तिला काय सांगितलं ते विचारू नका."

माझा राग तिथेच संपला. तक्रार मात्र तोवर पुढे गेली होती.

संस्थेने खुलासा मागवला. मग तिन्ही शाळांतल्या सगळ्या मुलांच्या फाइली पुन्हा तपासायला सांगितल्या, पानापानावर सही. ते होईपर्यंत सगळी सेशन्स बंद.

सईचंही बंद. म्हणजे माझ्या मुलीचा तास मीच बंद पाडला.

मी शाळेत धावले. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तक्रार मागे घ्यायचा फॉरमॅट नाहीये. अर्ज द्या, जोडून ठेवतो."

दिला. आठवड्याने कळलं, त्या अर्जावरही मिसकडूनच अभिप्राय मागवलाय. हसावं की रडावं कळेना.

मी त्यांना मेसेज केला, सॉरी.

रिप्लाय आला, "अहो असू दे. आई आहात तुम्ही. लालबाग झालं, शिवडी चालू आहे. मग तुमचीच शाळा. सईला सांगा, लवकरच येते."

त्यानंतरच्या सोमवारी, शिवडीच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, फाइलींसमोर बसल्या बसल्या त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. बाकीच्या शिक्षिकांना वाटलं दमल्यात, झोपू दे जरा.

परळच्या हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, बीपी. बरोबरच असेल. कागद तपासून कोणी मरत नाही, मला कळतं. दिवसातून दहा वेळा मी स्वतःला तेच समजावते.

सईला सांगितलंय. तरी दर मंगळवारी, मिसच्या तासाच्या दिवशी, ती डबा उरकून त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. नवीन मिस अजून मिळालेल्या नाहीत. मी काय करू, मला खरंच सुचत नाही.

आज शाळेतून फोन आला, येऊन जा. वाटलं, महिना झाला म्हणून मिससाठी काही ठेवलं असेल.

क्लार्कने एक कागद पुढे केला. 'संबंधित कर्मचारी मयत झाल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. तक्रारदाराचे समाधान झाले आहे.' खाली माझं नाव, टाइप केलेलं.

"सही नाही केली तर?"

"मग ओपन राहते, मॅडम. त्यांच्या नावावर."

माणूस वाईट नाही तो. माझ्याकडे न बघता त्याने स्वतःचं पेन दिलं.

मी सही केली.

नीलम मिस, तुम्हाला श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. माझं समाधान झालेलं नाही. तुमच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लेखी देते.

नमस्कार, मिस.

सईची आई