पुंजाचे पाय

माझी भावजय कुसाबाई म्हणजे तोंडाची तोफ. तिच्याशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून जावं. मी थोरली ननंद असून मलाच तिचा धाक! पण माझ्या भावावर, पुंजावर, तिचा जीव लय.

मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. दोन हजार तीन साली शिवरातीच्या आदल्या दिवशी पुंजा टेम्पोत फुलं घेऊन त्र्यंबकला निघाला आन वाटेत टेम्पो उलटला. बरगड्या मोडल्या, पोटाचं ऑपरेशन झालं, श्वास मशीनवर. पायाला मात्र साधं खरचटलं बी नव्हतं. "पाय धड हायेत ना, मंग मळा बी हाय," असं कुसा भेटायला येईल त्याला सांगायची.

मशीन निघालं, तवा नर्सनं अंग पुसायला चादर सारली. कुसा किंचाळलीच. फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून पळणाऱ्या माणसाच्या मांड्या पार वाळून गेलेल्या.

"पायाला तर काय लागलं नव्हतं! उपाशी ठिवलं का यांना?"

डॉक्टर बिचारे शांत. म्हणाले, "मावशी, एवढा मोठा मार बसला की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. नळीतून अन्न दिलं तरी पूर्ण थांबत नाही. त्यात पडून राहिलं की आणखी झिजतं. आता त्यांना हलवायला हवं."

त्यासाठी दिशा नावाची पोर रोज यायची, व्यायाम शिकवणारी. "काका, पाय खाली सोडून बसा." पुंजा कळवळायचा. शेवटी कुसानं तिला हाकललं. "मेलेल्याला किती मारशील गं? पडू दे त्यांना!"

घरी आणल्यावर तर इचारूच नका. आमच्यात आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याचा पाय भुईला टेकू द्यायचा नाय. तोंड धुणं बाजेवर, शिरा बाजेवर. उन्हाळा सरला, गाल वर आले, पण पाय तसेच काटक्या. एक दिवस कुसा हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, हे आता असेच राहत्याल का हो?" तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

पोळ्याला बैल सजवून दारात आणला. पुंजानं बाजेवरूनच त्याला पुरणपोळी भरवली. हाच बैल दोन सालांमागं खड्ड्यात पडून बसला व्हता, उठंचना. तवा कुसानं पोत्यांची झोळी त्याच्या पोटाखाली घालून लिंबाला बांधली आन रोज त्याला उभा केला. "बसलं जनावर उठवलं नाय तर बसूनच जातं," म्हणायची.

पुंजा बैलाच्या पायांवरून हात फिरवत म्हणाला, "कुसा, याला तू एक दिस पडू दिला नाय. मंग मलाच का पाडून ठिवलं?"

कुसा तशीच गोठ्यात गेली. येताना ती पोत्यांची झोळी घेऊनच आली.

दुसऱ्या दिवशी तिनं दिशाला निरोप धाडला, माफी बी मागितली. दिशानं तीच झोळी धुऊन काखेखालून कशी घ्यायची ते दाखवलं. "मावशी, नुसतं तूप नको, डाळ आणि अंडी द्या." लिंबाखाली रोज तमाशा. पुंजा थरथरायचा, घामाघूम व्हायचा, "नको, नको" करायचा. एकदा कुसाच्या तोंडातून बैलाचीच शिवी गेली, "ऊठ, मुडद्या!" आन तिनं जीभ चावली. पुंजा असा हसला की बरगड्या धरून बसला.

दसऱ्याला मळा पिवळाधमक. आम्ही दोघी तोडणीला लागलो व्हतो. बघतो तर पुंजा काठी टेकत, कोणाचा हात न धरता, सरीपर्यंत आला आन वाकून फूल तोडलं. कुसानं हातातली पाटी टाकली आन बांधावर फतकल मारून मोठ्यानं रडायला लागली. दवाखान्यात सुद्धा ती अशी रडली नव्हती.

पुंजा तिच्यापाशी गेला. हात पुढं करून म्हणाला, "बसू नको, कुसा. बसलं जनावर बसूनच जातं."

तिनं त्याचा हात धरला. पण भार त्याच्यावर टाकला नाय, दुसरा हात भुईला टेकून आपली आपणच उठली.