शेकोटीची बांधी

धानाची बांधी कशी असावी हे बघायचं असेल तर नागभीडकडच्या माणसानं दादाजीच्या शेतात जावं. एका कोपऱ्यात चार बोटं पाणी, तर दुसऱ्या कोपऱ्यातही चारच बोटं. कुठं साडेतीन निघालं तर गडी त्या दिवशी जेवायचा नाही. भोवतीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, असा लिंपायचा की खेकड्यानंही भोक पाडण्याआधी विचार करावा. चाळीस वर्षं या माणसानं एकच विद्या केली, आभाळातलं पाणी अडवायचं आणि जागच्या जागी ठेवायचं. आणि हाच भला माणूस यंदा पोळा झाल्यावर घरामागच्या सांदवाडीत शेकोटीची जागा बांधायला निघाला. आता याला काय म्हणावं!

कोणासाठी, ते आधी सांगितलं पाहिजे. शेजारचा श्रावण हा दादाजीचा जिवाभावाचा दोस्त. रेल्वेत गँगमन होता. तीस वर्षं रुळाच्या कडेनं चालला, गिट्टी ठोकली, आणि पाच वर्षांपूर्वी रिटायर झाला. धान घरात आलं की होळीपर्यंत रोज संध्याकाळी दोघं श्रावणच्या अंगणात शेकोटीपाशी बसायचे आणि गावातल्या एकालाही सोडायचे नाहीत. मग गेल्या उन्हाळ्यात श्रावणच्या लेकीनं, रिनानं, हौसेनं अंगणात टाइल्स बसवल्या. अंगण चकाचक झालं, शेकोटी गेली. आणि आखाडात श्रावण न्हाणीत घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चाकाची खुर्ची आली, आणि तो घरात जो बसला तो बसलाच.

डॉक्टर म्हणाले होते, यांना बाहेर काढा, चार माणसांत बसवा. पण ज्यानं उभी जिंदगी पायी काढली, त्याला बायकोनं गावातून ढकलत नेलेलं कसं खपणार? भेटायला येणारे तोंडानं च् च् करत, त्यानं तर त्याच्या अंगाची लाहीलाही व्हायची. दादाजी गेला तरी तो भिंतीकडे तोंड करून, मले कुठी नेऊ नको, एवढंच म्हणायचा. तीन महिने हेच चाललं. हा हिवाळा श्रावणनं घरात काढला तर तो पुन्हा कधीच बाहेर निघणार नाही, ही भीती दादाजीला आतून खात होती.

म्हणून ही शेकोटी. सांदवाडीत कार्तिकापर्यंत नुसता चिखल, त्यात खुर्चीचं चाक चालणार कसं? गिट्टी टाकली तर चालेल, असं दादाजीनं ठरवलं. श्रावणला विचारलं असतं तर तो नकोच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. आठ दिवस उघाड मिळाली, तेवढ्यात त्यानं काम उरकलं. हातभर खोल खणलं. तळ असा सपाट केला की वर कंचा ठेवला तर हलू नये. चिकणमाती ओली करून चोपली, भोवती गोल धुरा लिंपला आणि मग ट्रॉलीभर गिट्टी ओतली. मधोमध दगडांचं आळं केलं. बायको कमळा दोनदा येऊन बघून गेली आणि चांगलं दिसते म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या कामाला चांगलं म्हटल्याची ही तिसरी वेळ असेल.

मग परतीचा पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री धो धो कोसळला. तिसऱ्या सकाळी दादाजी मागं गेला तर शेकोटीत पाणी. सगळीकडे सारखं, चार बोटं. एक थेंब बाहेर गळत नव्हता आणि मधल्या आळ्यात बेडूक ओरडत होता. कमळा म्हणाली, धानाचे पऱ्हे असते तर आजच रोवणी केली असती, आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. दुपारपर्यंत गावात या तळ्याला नाव पडलं, दादाजीची बोडी. दादाजी बादली घेऊन पाणी उपसत बसला. लोकांच्या हसण्याचं त्याला काही नव्हतं, पण आता श्रावणला कुठं बसवायचं, या विचारानं त्याचं तोंड उतरलं होतं.

श्रावणच्या बायकोला, सत्यशीलेला, ही बातमी नळावर कळली. घरी येऊन तिनं हसत हसत नवऱ्याला सांगितली. तो हसला नाही. गिट्टीखाली काय टाकलं, एवढंच त्यानं विचारलं. चिकणमाती, तीही चोपून, असं ऐकल्यावर तो तीन महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन उठून बसला आणि खुर्ची आण म्हणाला.

भरदुपारी सत्यशीला खुर्ची ढकलत निघाली. गल्लीतली दारं उघडली, पण श्रावण कोणाकडे बघायला मोकळा नव्हता, त्याच्या डोक्यात गिट्टी होती. दादाजीच्या घराला वळसा घालून मागं येताना चाक चिखलात रुतलं. कमळेनं आणि दादाजीनं धावत जाऊन बांबूच्या ताट्या अंथरल्या. श्रावण काठाशी आला, पाणी बघितलं, बेडूक बघितला.

"गिट्टी पाणी धरायले नाई, सोडायले असते रे, भैताडा," तो म्हणाला. "तीस वर्षं म्या रुळाखालून पाणी काढलं, अन् तू माह्या शेजारी राहून गिट्टीची बांधी बांधतो? काऊन विचारलं नाई मले?"

दादाजीला एकदम इतकं बरं वाटलं की हातातली बादली कुठं ठेवावी हे सुचेना. "आता विचारतो," तो म्हणाला. "सांग, कसं करू?"

त्यानंतरचे आठ दिवस काय वर्णावे! पहिल्यांदा धुरा फोडायचा होता. दादाजीचा हात उठेना, उभ्या आयुष्यात त्यानं चांगला धुरा कधी फोडला नव्हता. शेवटी कमळेनंच फावडं घेतलं आणि दोन घावांत काम संपवलं. मग एका अंगाला उतार, उताराखाली कडेच्या केळीपर्यंत नाली, नालीत मोठे धोंडे, वर मुरूम, मग जाड गिट्टी, मग बारीक. श्रावण मांडीवर छत्री घेऊन असा ओरडायचा, जसे समोर वीस गँगमन उभे आहेत. एकदा त्याचीच चाकं सुट्या गिट्टीत रुतली, तेव्हा त्यानं स्वतःलाही दोन शिव्या दिल्या आणि खुर्चीसाठी ठोकलेल्या मुरुमाची वेगळी वाट करायला लावली.

पुन्हा एक सर येऊन गेली. पाणी गिट्टीतून खाली उतरलं आणि नालीवाटे केळीला गेलं. त्या संध्याकाळी दादाजीनं सुकी लाकडं रचून जाळ केला. चौघं बसले, चहा झाला, गावातले दोन-तीन जण बोलण्यात सोलून निघाले. पण दादाजीचं लक्ष गप्पांत नव्हतं. काम तर संपलं. उद्या हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला तर? विचारायची त्याला हिंमत होईना.

निघताना श्रावणनं खुर्ची थांबवली आणि वाटेकडे बोट केलं.

"हे वाट अरुंद झाली. उद्या रुंद करू. मी आल्याबिगर हात लावू नको."

दादाजीच्या मते वाट चांगली ऐसपैस होती. पण ते दोघं गेल्याबरोबर तो फावडं उचलून आत कोठ्यात ठेवून आला, उद्या श्रावण येईपर्यंत.