मापाची फळी

तेरेंती सुतार कामाला चोख, पण माणूस महाभित्रा. क्रेमलिनच्या कारखान्यात त्याच्याकडे एक नाजूक काम होतं. झारच्या घरी मूल जन्मलं की दाई टाळूपासून टाचेपर्यंत दोरा धरायची आणि तो दोरा तेरेंतीकडे यायचा. तो तेवढ्याच लांबीची फळी कापायचा, तिच्यावर चितारी मुलाच्या नावाचा संत काढायचा. जन्मभर त्या फळीपुढे मेणबत्त्या लागायच्या आणि माणूस गेला की तीच त्याच्या थडग्यावर टांगायची.

धाकटा राजपुत्र जन्मला त्याच आठवड्यात तेरेंतीला मुलगा झाला, सावा. हौसेनं त्यानं आपल्याही पोराच्या मापाचा दोरा घेतला. आणि नेमका राजवाड्यातला दोरा सरसाच्या मडक्याखालच्या विस्तवात पडून जळाला. सांगावं तर मानेवर डोकं राहायचं नाही. "तान्ही पोरं सगळी सारखीच," असं पुटपुटत त्यानं साव्याच्या मापानं फळी कापली. भित्र्याच्या हातून मोठं पाप घडतं ते असंच, लहानसं झाकायला जाऊन.

मग भलतंच सुरू झालं. राजपुत्रासाठी फळीपुढे मेणबत्त्या लागल्या की घरी साव्याच्या केसांना मेणाचा वास यायचा. झारच्या घराण्यातले पुरुष दारात वाकून शिरणारे, पण हा राजपुत्र बुटका तो बुटकाच. सावा मात्र ताडमाड वाढला.

"कुणावर गेलाय हा?" बायको उस्तिन्या विचारायची.

"तुझ्या माहेरावर."

"माझ्या माहेरचे बाकाखाली मावतात."

मिसरूड फुटायच्या आत राजपुत्र गेला. त्याच सकाळी सावा आडवा झाला तो उठेना. अंग गार, तोंड भिंतीकडे. फळी टांगायला या, असा तेरेंतीला हुकूम आला, तेव्हा त्यानं उस्तिन्याला सगळं सांगून टाकलं.

"टांगू नकोस," ती म्हणाली.

"मी नाही तर दुसरा टांगेल."

"मेल्या, तुझ्या भीतीपायी माझं पोर चाललं."

तेरेंती भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "दोरा आण. माझं माप घे."

"उभ्या माणसाला दोरा लावतात का रे? तान्हेपणानंतर तो थेट प्रेतालाच लावतात."

"म्हणूनच म्हणतो."

तिनं माप घेतलं. चर्चमध्ये तेरेंतीनं तो दोरा फळीच्या मागं गुंडाळला आणि थडग्यावर फळी टांगताना तिच्यावरच्या संताला हळूच म्हणाला, "हे माझं घे. पोराचं सोड."

घरी आला तर सावा उठून लापशी खात होता आणि आणखी मागत होता. तेरेंतीला रडू आलं. डोळे पुसून त्यानं रोजच्या खुंटीला टोपी अडकवायला हात वर केला. हात पोचेना. टाचा उचलल्या, तरी पोचेना.

उस्तिन्यानं ते पाहिलं. तिनं हातोडी घेतली आणि वीतभर खाली दुसरी खुंटी ठोकायला लागली.

"आणखी खाली ठोक," तेरेंती म्हणाला. "उद्याही लागेल."