निकालाचा दिवस धरायचा नाही

हसू नका, पण माझ्या धाकट्या जावेबद्दलचा माझा अंदाज साफ चुकला. मी पैज लावून सांगत होते, ही बाई कोर्टाची मुदत चुकवणार म्हणजे चुकवणारच.

माझंही काय चुकलं म्हणा! वीस वर्षं ती शिवणाचं दुकान चालवते आणि सगळी गल्ली तिला 'उद्याबाई' म्हणते. कोट कधी मिळेल? उद्या. उशांचे अभ्रे? उद्या. आळशी नाही हं ती. टीप केसभर वाकडी गेली की सगळी उसवते आणि पुन्हा घालते. तोवर गिऱ्हाईक दारात उभं.

तर ही गेल्या साली वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली आणि चार मतांनी पडली. निवडून आला कोपऱ्यावरचा वहीवाला. आम्ही म्हटलं, सोड आता. तिनं ऐकलं नाही. मोजणीचे कागद घेऊन शिलाईच्या मशीनपाशी बसली, बोटानं एकेक आकडा चाचपत. तीन नंबरच्या खोलीत मत द्यायला आली दोनशे बारा माणसं, मोजली गेली दोनशे एक मतं. अकरा मतं गेली कुठं? आता मात्र मलाही चैन पडेना.

फेरमोजणी हवी असेल तर निकालापासून तीस दिवसांत अर्ज द्यायचा. एक दिवस उशीर झाला की अर्ज गेला रद्दीत. भावोजी रोज विचारायचे, दिलास का अर्ज? ती काय म्हणायची, ते तुम्हाला सांगायला नको. कागदाची एक प्रत राहिली, एक सही राहिली, असं करत करत तिसावा दिवस उजाडला. कोर्टाची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती तेव्हा तिनं अर्ज आत सरकवला. मी सोबत होते. घाम मला फुटलेला, ही आपली शिक्का सरळ बसला की नाही ते बघतेय.

पहिल्याच तारखेला वहीवाल्याचे वकील उठले. म्हणाले, निकालाचा दिवस धरला तर हा एकतिसावा दिवस होतो, अर्ज फेटाळा. जजबाईंनी हिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

"मॅडम, निकाल लागला संध्याकाळी सात वाजता," ही म्हणाली. "तुमची खिडकी पाचला बंद झालेली. ज्या दिवशी मला येताच येत नव्हतं, तो दिवस माझ्या खात्यात कसा?"

जजबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि सांगितलं, निकालाचा दिवस धरायचा नाही.

पुढं निकाल द्यायला कोर्टालाही सहा महिन्यांची मुदत होती. नाहीतर काय, खुर्चीची वर्षं अशीच सरायची आणि मग न्याय मिळून करायचंय काय? वहीवाल्याचे वकील दर खेपेला पुढची तारीख मागायचे. ही माझ्या कानात कुजबुजली, "जाऊबाई, यांच्यापुढं मी काहीच नाही." शेवटी सहा महिने संपायला आठ दिवस उरले असताना फेरमोजणी झाली. अकरा मतं मतपत्रिकांच्या एका पाकिटाच्या तळाशी चिकटलेली निघाली. त्यातली सात हिची, चार त्याची.

हिशेब केलात ना? पडलीच. फक्त आता एका मतानं. मला रडू यायला लागलं, तर ही म्हणते, टीप आता सरळ बसली. आणि जाऊन वहीवाल्याशी हात मिळवून आली.

परवा मी माझे पडदे न्यायला गेले. तावातच गेले.

"दहा दिवस म्हणाली होतीस. आज अकरावा."

तिनं मान वर केली नाही. "कापड कधी दिलंत?"

"एक तारखेला."

"किती वाजता?"

आठवलं मला. ती कुलूप लावत होती तेव्हा मी कापड तिच्या हातात कोंबलं होतं.

"मग तो दिवस धरायचा नाही," ती म्हणाली. "आज दहावा. आणि दुकान बंद व्हायला अजून दोन तास आहेत. बसा."

बसले.